सॉकेट पॉलिसी म्हणजे काय? कोणतं पॅकेट एन्क्रिप्ट करायचं हे कर्नल कसं ठरवतं?

एचटीटीपीएस हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. ते एन्क्रिप्शन अॅप किंवा ब्राउझर स्वतः करतो. पण आयपीसेक नावाचं एन्क्रिप्शन त्याच्याही खाली, ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये होऊ शकतं. अनेक व्हीपीएन आणि वाय-फाय कॉलिंग आयपीसेकवरच चालतात. मी कामानिमित्त लिनक्सचं नेटवर्किंग रोज बघतो. त्यातली सॉकेट पॉलिसी आज समजून घेऊया.

सॉकेट आणि पॉलिसी

अॅपला नेटवर बोलायचं असलं की ते कर्नलकडून सॉकेट घेतं. सॉकेट म्हणजे त्या कनेक्शनचं आपल्या बाजूचं टोक.

आयपीसेकच्या आरएफसी ४३०१ (२००५) या मानकानुसार प्रत्येक पॅकेटबद्दल तीनच निर्णय असतात: टाकून द्या, तसंच जाऊ द्या किंवा संरक्षण देऊन पाठवा. हा निर्णय म्हणजे पॉलिसी. किल्ल्या आणि अल्गोरिदम मात्र वेगळ्या नोंदीत असतात, तिला सिक्युरिटी असोसिएशन म्हणतात.

आधी कोणाचं ऐकायचं?

लिनक्समध्ये हे काम एक्सएफआरएम हा भाग करतो. पॅकेट निघालं की तो आधी त्या सॉकेटला स्वतःची पॉलिसी आहे का ते बघतो. नसेल तरच सगळ्या सिस्टिमचे नियम लागू होतात.

याचा उपयोग काय? व्हीपीएनच्या किल्ल्या ठरवणारा प्रोग्राम घ्या. नियम असा की सगळं एन्क्रिप्ट झालंच पाहिजे. पण किल्ली ठरायच्या आधी त्याचं बोलणं एन्क्रिप्ट होणार कसं? आधी कोंबडी की आधी अंडं! म्हणून त्याच्या सॉकेटला 'तसंच जाऊ द्या' ही सूट दिलेली असते.

ही सूट कोणीही घेऊ शकला, तर नियमाला अर्थच उरणार नाही. म्हणून सॉकेट पॉलिसी बदलायला नेटवर्क अॅडमिनचा अधिकार लागतो. साध्या अॅपला कर्नल सरळ नकार देतो.

अँड्रॉइडमध्ये कसं?

अँड्रॉइड ९ पासून आयपीसेक मॅनेजर हा एपीआय आहे. अॅप आपलं सॉकेट सिस्टिमकडे देतं आणि नेटडी ही सेवा त्यावर पॉलिसी बसवते. अधिकार नेटडीकडेच राहतो. ट्रान्सपोर्ट मोडमध्ये मजकूर आणि पोर्ट नंबर झाकले जातात, पण आयपी पत्ता उघडाच असतो. म्हणजे तुम्ही कोणाशी बोलताय ते दिसतं, काय बोलताय ते नाही.

सगळ्यात महत्त्वाचा फरक

लिनक्सच्या पॉलिसीत लेव्हल असते: 'रिक्वायर्ड' किंवा 'यूज'. रिक्वायर्ड असेल आणि किल्ली नसेल, तर पॅकेट उघडं बाहेर पडत नाही. उघडं आलेलं पॅकेटही आत घेतलं जात नाही. 'यूज' असेल तर किल्ली नसताना पॅकेट गुपचूप उघडंच जातं. अॅप चालू, स्क्रीनवर एकही एरर नाही, आणि मजकूर मात्र वाटेत कोणालाही वाचता येतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: खाजगी डेटासाठी रिक्वायर्डच ठेवा. कनेक्शन तुटलं तर निदान कळतं तरी!

लिनक्स लॅपटॉप असेल तर रूट होऊन 'आयपी एक्सएफआरएम पॉलिसी' ही कमांड चालवा. आयपीसेक व्हीपीएन चालू असेल तर हे नियम समोर दिसतील. त्यात 'लेव्हल यूज' दिसलं, तर ते तसं का ठेवलंय हे नक्की तपासा.