कर्जापायी अडकलेला क्लिअरन्स

१. ‘क्लिअरन्स अडकला’ : अमेरिकेत गोपनीय कागद हाताळायचे तर सरकारी नोकराला आणि कंत्राटदाराच्या माणसालाही ही सुरक्षा-परवानगी लागते. २०१७पासून लागू असलेल्या १३ निकषांपैकी ‘एफ’ हा निव्वळ पैशाच्या व्यवहारांचा. एसएफ-८६ या अर्जात गेल्या ७ वर्षांतली दिवाळखोरी, बुडवलेला कर, १२० दिवसांहून जास्त थकलेली देणी, सगळं लिहून द्यावं लागतं. नुसतं कर्ज आहे म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला आणि तरीही माणूस ठरवून हप्ते फेडतो आहे, तर ते त्याच्या बाजूने धरतात. जुगाराची देणी मात्र नडतात. लपवाछपवी तर त्याहून वाईट, कारण तिथे प्रश्न सचोटीचा होतो. कथानायक नेमका इथेच फसला आहे. उत्पन्नाशी न जुळणारी श्रीमंतीही याच निकषात मोडते. सीआयएचा आल्ड्रिच एम्स कर्जात बुडाला आणि १९८५मध्ये सोव्हिएतांना फितूर झाला. पुढे या पगारदाराने ५,४०,००० डॉलरचं घर रोख पैसे मोजून घेतलं, जग्वार उडवली. तरी त्याच्या अटकेला १९९४ उजाडावं लागलं! – संपा.