परतीचं तिकीट

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, जर्मनीचं जमलं!" इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एका करारातून तिला एक सेमिस्टर तिकडच्या विद्यापीठात शिकायला मिळणार होतं. मी लगेच पेढे मागून मोकळी झाले. दोन दिवसांनी पुन्हा फोन, आणि आवाज पार पडलेला. ऑफिसात तिला सांगितलं होतं, "जा खुशाल. पण तिकडचे मार्क इथे धरता येतील की नाही, ते आल्यावर बघू." नाही धरले तर सेमिस्टर पुन्हा. "मग जाऊ की नको? शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते 'आल्यावर बघू' मात्र डोक्यात घोळत राहिलं. परदेशी शिक्षणाचा इतिहास आपण नेहमी जाण्याचा इतिहास म्हणून सांगतो... शिष्यवृत्ती, बोट, हारतुरे, निरोप. खरी गोष्ट पुष्कळदा परत आल्यावर सुरू होते.

रोमच्या सोफिया कोर्रादीचं उदाहरण घ्या. कायद्याची विद्यार्थिनी. तिला फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली. या शिष्यवृत्तीचा जन्मही गमतीशीर आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेचं ढीगभर लष्करी सामान परदेशांत पडून होतं. ते विकून येणारा पैसा विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीवर खर्च करावा, अशी कल्पना सिनेटर फुलब्राइट यांनी मांडली आणि १९४६ मध्ये तिचा कायदा झाला. आपल्या देशाशी असा करार १९५० मध्ये झाला. तर सोफिया न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि १९५८ मध्ये तौलनिक कायद्याची मास्टर्स पदवी घेऊन रोमला परतली. आपल्या विद्यापीठाच्या ऑफिसात गेली, पदवी दाखवली, हे वर्ष माझ्या अभ्यासक्रमात धरा म्हणाली. त्यांनी ते धरलं तर नाहीच, वर चारचौघांत तिचा पाणउतारा केला. बाई अभ्यास सोडून अमेरिकेत भटकून आल्या, असा एकंदर सूर!

दुसरं कुणी असतं तर घरी जाऊन रडलं असतं आणि विसरून गेलं असतं. सोफियाबाई विसरल्या नाहीत. पुढे त्या इटलीतल्या विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या परिषदेच्या सल्लागार झाल्या. १९६९ मध्ये त्यांनी एक टिपण लिहिलं. मुद्दा साधा होता: विद्यार्थ्याने परदेशात केलेला अभ्यास, आधी मंजूर करून घेतला असेल तर, घरच्या विद्यापीठाने मोजलाच पाहिजे. त्यानंतर वर्षानुवर्षं पत्रं, बैठका, खेटे. १९८७ मध्ये युरोपात 'इरॅस्मस' योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आजवर दीड कोटीहून अधिक लोकांनी तिचा लाभ घेतला आहे. पॅरिस, केंब्रिज, बाझेल असा फिरत राहिलेला इरॅस्मस हा जुना विद्वान त्या नावामागे आहेच, पण युरोपातले लोक सोफियाबाईंना 'मम्मा इरॅस्मस' म्हणत, ते उगाच नाही.

हे वाचत असताना 'कोलंबिया' या नावाशी मी थबकले. सोफियाच्या चार दशकं आधी त्याच विद्यापीठात आपला एक विद्यार्थी होता. जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. अट अशी की नंतर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले, मग लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये तिथला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पुस्तकं ज्या बोटीने पाठवली होती ती युद्धात टॉर्पेडोने बुडाली.

अट पाळायला ते बडोद्याला गेले. इथे पदवी नाकारली गेली नाही, नोकरीही मिळाली. पण राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगून गेले. मित्रांनीही घरात घेतलं नाही. त्यांनी कामाठी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे आपण विसरूनच गेलो होतो, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

या दोन अपमानांना मी एका तराजूत घालत नाही. सोफियाचं एक वर्ष मोजलं नाही, इथे अख्खा माणूसच मोजला नाही. पहिल्यावर कागदी उपाय निघाला. दुसऱ्यावर कुठल्या विद्यापीठाचा नियम पुरणार? तरीही १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढ्या बळावर. हे भथेना पारशी, आणि मैत्री झाली होती कोलंबियात! जी माणुसकी बडोद्यात मिळाली नाही ती न्यूयॉर्कला जोडलेली होती. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली. परदेशातून मार्कांखेरीज आणखी काय येतं, ते मला इथे दिसतं.

असो. भाचीला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, जा. दुसरी, जाण्याआधी कागद कर. इरॅस्मसमध्ये विद्यार्थी निघण्यापूर्वीच एक करारपत्र होतं. तिकडे कोणते विषय घेणार, त्यांचे क्रेडिट्स किती आणि इथल्या कोणत्या विषयांऐवजी ते धरणार, हे सगळं त्यात लिहायचं. सह्या तिघांच्या: विद्यार्थ्याची, घरच्या विद्यापीठाची, तिकडच्या विद्यापीठाची. त्या एका कागदामागे एका मुलीचा १९५८ मधला अपमान आहे. तुझ्या कॉलेजात तसला छापील नमुना नसेल, तर स्वतः टाइप कर आणि सही माग.

काल ती कागद घेऊन ऑफिसात गेली होती. "ठेवून जा, बघतो," असं उत्तर मिळालं. 'आल्यावर बघू'पेक्षा बरं, असं ती हसून म्हणाली. शुक्रवारला अजून दोन दिवस आहेत.