मडके, तांबे आणि पोलाद : मालवण किनाऱ्यावरील किण्वनपात्रांचा इतिहास

मद्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा महसुलाकडे, नीतीकडे अथवा जातिव्यवसायाकडे वळते. ज्या भांड्यात रस आंबतो त्या भांड्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. प्रस्तुत निबंधाचा विषय हे भांडे आहे. पाश्चात्त्य देशांत घरगुती पातळीवर बीअर करणारे शौकीन किण्वनाचा दुसरा टप्पा आज पोलादी पिंपात, म्हणजे केगमध्ये, पार पाडतात. मालवण किनाऱ्यावर माडाचा रस आणि काजूच्या बोंडूंचा रस आंबवण्याची परंपरा जुनी आहे. तरीही येथे धातूचे भांडे चुलीपर्यंत आले आणि तेथेच थांबले. आंबवणीसाठी मातीचे मडकेच राहिले. याचे कारण जितके रसायनशास्त्रात आहे तितकेच कायद्याच्या पुस्तकात आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

दुसऱ्या किण्वनाचे तत्त्व

यीस्ट हा सूक्ष्मजीव साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करतो. वजनाने पाहिल्यास साखरेचा साधारण निम्मा भाग वायू होऊन निघून जातो. पहिले किण्वन जोरकस असते, फेस येतो, आणि त्या वेळी भांड्याचे तोंड पूर्ण बंद करणे धोक्याचे असते. हा जोर ओसरल्यावर द्रव गाळावरून अलगद काढून दुसऱ्या भांड्यात घेतात आणि थंड, हवाबंद जागी ठेवतात. उरलेली अथवा मुद्दाम घातलेली थोडी साखर आंबते, चव निवळते आणि बाहेर जाण्यास वाट न मिळालेला वायू द्रवातच विरघळतो. एक लिटर द्रवात एक लिटर वायू मुरवण्यास सुमारे ४ ग्रॅम साखर पुरते. यासाठी भांड्याला तीन गोष्टी साधाव्या लागतात : दाब सोसणे, हवा आत न येऊ देणे आणि आम्लाने न झिजणे.

लाकडी पिंपाने पहिल्या दोन गोष्टी बऱ्यापैकी साधल्या. तिसरी गोष्ट धातूला साधत नव्हती. १९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त पोलादावर केलेल्या कामानंतर चित्र बदलू लागले. अशा पोलादावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप चढतो आणि ओरखडा पडला तरी हवेच्या संपर्काने पुन्हा भरून येतो. घरगुती बीअरकर्त्यांच्या हाती आलेला केग मुळात बीअरसाठी घडलेलाच नव्हता. शीतपेयांचा पाक वाहून नेण्यासाठी अमेरिकेत तयार झालेली सुमारे १९ लिटरची ही भांडी, शीतपेय कंपन्यांनी पाकासाठी प्लास्टिक पिशव्यांची पद्धत स्वीकारल्यावर जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागली. त्याआधी कायद्याची वाट मोकळी झाली होती. ब्रिटनने घरगुती बीअरवरील परवान्याचे बंधन १९६३ मध्ये उठवले, अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने १९७८ मध्ये ती करमुक्त केली. तंत्र आधी आणि सवलत मागाहून असा क्रम येथे नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

माड, माडी आणि मडके

माडापासून मिळते ती माडी, ताडापासून मिळते ती ताडी. दक्षिण कोकणात भेरली माडाचाही रस काढतात. माडाची न उमललेली पोय बांधून, हलके ठोकून, टोकाशी रोज पातळ काप देत राहिल्यास रस ठिबकतो आणि खाली बांधलेल्या मडक्यात साचतो. ताज्या रसात सामान्यतः १२ ते १५ टक्के साखर असते. उष्ण किनारी हवेत त्याचे आंबणे झाडावरच सुरू होते. पहाटे उतरवलेल्या मडक्यात यीस्ट आणि आम्लकारी जिवाणू यांची झटापट कित्येक तास चाललेली असते. दिवसभरात मद्यार्क साधारण ५ टक्क्यांपर्यंत जातो. पुढे शिरका बनवणारे जिवाणू वरचढ होतात आणि माडी आंबट होऊन पिण्याजोगी राहत नाही. म्हणजेच माडी हे एका दिवसाचे पेय आहे. तिला दुसरे किण्वन नाही, कारण दुसरे किण्वन सुरू होण्याआधीच तिचा शिरका होऊ लागतो.

या व्यवसायाची धुरा किनाऱ्यावर मुख्यतः भंडारी समाजाकडे होती. हा समाज लढवय्याही होता. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांच्या बाजूने इंग्रजांना तोंड देणारा मायनाक भंडारी याच समाजातला. माडावर चढणाऱ्याला हलके भांडे लागते. पन्नास-साठ फूट उंचीवर एका हाताने सांभाळायचे भांडे तांब्याचे असणे कोणालाही परवडणारे नव्हते. वजन, किंमत आणि पडून फुटल्यास होणारी हानी या तिन्ही बाबतींत मडके सरस ठरे. परंतु केवळ गरिबीमुळे मडके टिकले असे म्हणणे अपुरे आहे.

आंबट पदार्थ धातूत ठेवू नये, हे ज्ञान मराठी घरात फार जुने आहे आणि त्यासाठी भाषेत स्वतंत्र क्रियापद आहे. पितळेत ठेवलेले ताक कळकते. मालवणी स्वयंपाकघरात कोकमाचे आगळ चिनी मातीच्या बरणीत ठेवतात ते याच कारणाने. तांब्यावर आम्ल आणि हवा यांचा एकत्र परिणाम होऊन विषारी क्षार द्रवात उतरतात. भांड्यावर दिसणारे हिरवे जंगाल ही त्याची खूण. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडातून जस्त विरघळते. काजूच्या बोंडूत टॅनिन भरपूर असल्याने साध्या लोखंडाशी गाठ पडताच रस शाईसारखा काळवंडतो. कल्हई हा उपाय होता, पण कथिलाचा थर पातळ असतो आणि आम्लात आठवडे काढण्याइतका तो टिकत नाही.

मातीचा आणखी एक गुण होता. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांत मागच्या खेपेचे यीस्ट शिल्लक राही, आणि नवा रस पडताच आंबणे विनासायास सुरू होई. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात ‘किण्व’ हे आंबवणीचे बीज वेगळे सिद्ध करण्याची कृती येते. माडीच्या बाबतीत हे बीज मडक्यातच वस्तीला असे. ज्यांना बीज नको होते ते गूळ करणारे मडक्याला आतून चुना फासत. चुन्याने रस आंबट होणे थांबते व गोडी टिकते. एकाच पोयीचा रस, चुना असेल तर गूळ, नसेल तर माडी, आणि दुर्लक्ष झाले तर शिरका. गोव्यातील पाववाले कणीक फुगवण्यासाठी माडीच वापरीत.

बंद भांड्यात दीर्घकाळ आंबवण्याची कल्पना भारतीय परंपरेला अपरिचित होती, असा समज मात्र होऊ नये. आयुर्वेदातील आसव-अरिष्टांसाठी आतून तूप चोळलेले मातीचे भांडे, तोंड लिंपून, धान्याच्या राशीत वा जमिनीत सुमारे महिनाभर ठेवण्याचे विधान आहे. तुपाने मातीची छिद्रे बुजतात, धान्याच्या राशीत तापमान स्थिर राहते. तत्त्वतः ते पोलादी केगपासून फार दूर नाही. उणीव दाबाची होती : लिंपलेले मडके दाब सोसत नाही, एकतर लिंपण फुटते किंवा मडके. त्यामुळे या द्रवांत वायू मुरवण्याचा विचार पुढे गेला नाही.

तांबे चुलीवर

ऊर्ध्वपातन, म्हणजे आंबलेला रस उकळून त्याची वाफ थंड करणे, हे काम देखील आरंभी मातीतच होई. एफ. आर. ऑलचिन यांनी १९७९ मध्ये वायव्य सरहद्दीवरील शेखान ढेरी येथे सापडलेल्या मातीच्या पात्रांच्या आधारे भारतीय उपखंडात ऊर्ध्वपातन फार प्राचीन असावे, असे मत मांडले. कोकण-गोव्यात पुढे भट्टीवरचे भांडे तांब्याचे झाले. तांबे उष्णता चांगली वाहते, भडक्याने तडकत नाही, आणि वाफेतील गंधकाची दुर्गंधी देणारी संयुगे धरून ठेवते. शिवाय रस त्यात काही तासच राहतो, दिवस नव्हे. गोव्यातील काजू फेणीच्या पद्धतीत हे श्रमविभाजन स्पष्ट दिसते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या या फळाची बोंडे पायांनी तुडवून रस काढत, तो तीनेक दिवस मातीच्या भांड्यांत आंबवीत, आणि मग तांब्याच्या ‘भाणा’त उकळीत. पहिल्या खेपेला हुर्राक, दुसऱ्या खेपेला फेणी. बांदा आणि दोडामार्गच्या अलीकडेही फळ तेच होते.

कायद्याने मोजलेले भांडे

मालवण व वेंगुर्ला १८१२ मध्ये इंग्रजांकडे आले. सावंतवाडी संस्थान मधोमध राहिले आणि दक्षिणेस पोर्तुगीज गोवा. अशा तीन सत्तांच्या प्रदेशात मद्यावर कर बसवणे ही डोकेदुखी होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्यांवर अंकुश आणला, ऊर्ध्वपातन मोजक्या नियंत्रित ठिकाणी एकवटण्याचे धोरण बळकट केले आणि माडीसाठी झाडांवर कर बसवला. दक्षिण गुजरातेतील या प्रक्रियेचा मागोवा डेव्हिड हार्डिमन यांनी १९८५ मध्ये घेतला आहे : रूढी गुन्हा कशी झाली, हा त्यांचा प्रश्न. त्याच वर्षी, डिसेंबर १८७८ मध्ये, ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात झालेल्या तहात मीठ व जकातीबरोबर गोव्यातील अबकारीही ब्रिटिश पद्धतीशी जुळवण्याची तरतूद होती. तो तह १८९२ मध्ये संपला आणि सरहद्दीच्या दोन बाजूंना दोन वेगळे कायदे पुन्हा उभे राहिले.

शासनाने झाड निवडले यामागे व्यवहार होता. झाड हलवता येत नाही, त्यावर क्रमांक घालता येतो. भट्टीही धूर आणि वासाने सापडते. मडके मात्र मोजता येत नाही. ते घराघरात असते आणि पाण्याचेही असते. परिणामी कर झाडावर, बंदी भट्टीवर, आणि आंबवण्याचे भांडे जेथे होते तेथेच. झाडाचा कर भरलेला माणूस रोजची माडी रोज विकून पैसा मोकळा करू पाही. रस आठवडाभर मुरवत ठेवण्याचा, त्यासाठी महागडे भांडे घेण्याचा विचार त्याला परवडणारा नव्हता.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने भांड्यालाच कायद्याच्या व्याख्येत आणले. एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यभर पूर्ण दारूबंदी आली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात काही तरतुदी रद्द ठरवून कायद्याचा गाभा कायम ठेवला. या कायद्यातील नीरेची व्याख्या वाचनीय आहे : आंबणे रोखण्यासाठी प्रक्रिया केलेल्या पात्रात उतरवलेला, न आंबलेला माडाचा वा ताडाचा रस ती नीरा. तोच रस चुना न लावलेल्या मडक्यात पडला की ताडी. पेयाची कायदेशीर जात भांड्याच्या आतल्या बाजूवरून ठरू लागली! कलम ६५ मध्ये मादक पेय बनवण्याच्या हेतूने साहित्य, भट्टी, भांडी वा उपकरणे बाळगणे हाही गुन्हा आहे. ताडीपुरता अपवाद केला आहे. पुढे साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण कलम १२ नुसार परवान्याविना मद्यनिर्मिती निषिद्धच राहिली. ब्रिटनमध्ये घरगुती बीअर मोकळी होत होती त्याच दशकाच्या सुमारास येथे भांडे बाळगण्याचा हेतू हा तपासाचा विषय होता.

या स्थितीत कौशल्याची परंपरा दोन वाटांनी गेली. माडी परवान्याच्या दुकानात टिकली. बाकीचे आंबवणे हातभट्टीच्या अंधारात गेले, जेथे काळा गूळ आणि नवसागर यांचे ‘रसायन’ प्लास्टिकच्या पिंपात आंबते आणि छाप्यात ओतून दिले जाते. नवसागरातील नत्र यीस्टला पोषक ठरते, एवढेच त्यामागचे शास्त्र. कल्हईवालाही तोच नवसागर वापरतो. भांडे शुद्ध करणारे द्रव्य आणि बदनाम पेयाचे द्रव्य एकच असावे, हा योगायोग गमतीचा आहे. प्लास्टिकचे पिंप येथे आले ते मडक्यापेक्षा चांगले म्हणून नव्हे; ते हलके, मोठे आणि टाकून पळता येण्याइतके स्वस्त म्हणून.

बोंडूचा प्रश्न

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा आज काजूचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने दिलेल्या कलमांच्या जाती कोकणभर पसरल्या. बोंडूचे वजन बीच्या पाच ते दहा पट असते, आणि बी काढल्यावर त्यातील बहुतांश बागेतच कुजतो. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे सरहद्दीच्या अलीकडे तेच पेय केले तरी त्याला ते नाव देता येत नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने काजू बोंडू, मोहफुले व फळे यांपासूनच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घेण्याचा निर्णय केला. निर्णय महसुलाच्या भाषेत झाला, तरी त्यातून भांड्याचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो.

परवान्याचा कारखाना पोलादाचा असणार, हे उघड आहे. स्वच्छता, मोजमाप आणि दाब या तिन्ही दृष्टींनी पोलादाला पर्याय नाही. बोंडूच्या रसाचे वायुयुक्त, कमी मद्यार्काचे पेय करायचे तर दुसरे किण्वन बंद पोलादी पिंपातच होईल. किनाऱ्यावर त्याचीही एक अडचण आहे. खाऱ्या हवेतील आणि ब्लीचिंग पावडरीतील क्लोराइड पोलादाचा रक्षक थर भेदून बारीक खड्डे पाडते, म्हणून केग क्लोरीनने धुऊ नये असा जाणकारांचा दंडक आहे. मालवणात हा दंडक अधिक कसोशीने पाळावा लागेल. आणि पोलादाला छिद्रे नाहीत. त्यात मागच्या खेपेचे काही उरत नाही, उरू नये अशीच त्याची रचना आहे. यीस्ट प्रत्येक वेळी बाहेरून, बहुधा परदेशी पाकिटातून, घालावे लागते. कोकणातील मडक्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले यीस्ट कोणते, त्याच्या गंधाची आणि चवीची जात कोणती, हे प्रयोगशाळेत जपून ठेवण्याचे काम वापरातली मडकी शिल्लक आहेत तोवरच शक्य आहे.