हैदराबादेतील टाचदुखी : कारणांचा आणि उपचारांचा इतिहास

प्रौढ माणसाची टाच दुखते तेव्हा दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा प्लांटर फॅशियात असते. टाचेच्या हाडापासून पायाच्या बोटांपर्यंत गेलेला हा जाड, चिवट पट्टा तळपायाची कमान ताणून धरतो. टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटतो, तिथेच आतल्या बाजूला दुखते. सकाळी उठल्यावर टाकलेली पहिली पावले सर्वांत जास्त दुखतात. थोडे चालल्यावर बरे वाटते आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी दुखणे परत येते. ही लक्षणे शतकानुशतके तीच आहेत. बदलत गेले ते त्यांचे मानलेले कारण, आणि कारणाबरोबर उपचार. हैदराबादेत युनानी, आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक शेजारी शेजारी नांदल्याने हा बदल तिथे स्पष्ट दिसतो.

चारमिनार १५९१ मध्ये उभा राहिला आणि पुढच्या चार वर्षांत, १५९५ मध्ये, गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहाने दारुश्शिफा हे रुग्णालय बांधले. मोकळ्या चौकाभोवती दुमजली खोल्या असलेल्या या इमारतीत युनानी हकीम रुग्णांवर उपचार करत आणि विद्यार्थ्यांना शिकवत. युनानी मताप्रमाणे शरीराचे आरोग्य खून, बलगम, सफरा आणि सौदा या चार द्रवांच्या समतोलावर अवलंबून असते. बिघडलेला द्रव सांध्यात उतरला की ‘वजउल मफासिल’ म्हणजे सांधेदुखी होते. टाचेच्या दुखण्याला ‘वजउल अकिब’ म्हणतात आणि ते याच गटात मोडते. साहजिकच उपचाराचा रोख दूषित द्रव बाहेर काढण्याकडे असे. त्यासाठी हिजामा म्हणजे तुंबड्या लावणे, फस्द म्हणजे शीर उघडून रक्त काढणे आणि जळवा लावणे हे मार्ग होते. जोडीला औषधी काढ्यात पाय बुडवण्याचा पाशोया, तेलाची मालीश आणि शेक.

पोटात घेण्याच्या औषधांत सुरंजानचा मान मोठा होता. या कंदात कोल्चिसिन असते आणि नक्रिस म्हणजे गाऊटवर ते खरोखर गुणकारी आहे. गाऊटही पायालाच गाठतो, त्यामुळे पायाच्या इतर दुखण्यांतही सुरंजान दिले जाई. साध्या टाचदुखीत मात्र गाऊट घडवणाऱ्या यूरिक अॅसिडचा संबंध नसतो, म्हणून तिथे हे औषध मूळ कारणापर्यंत पोहोचत नाही. कोल्चिसिनची मात्रा जास्त झाली तर ते विषारीही ठरते. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत चारमिनारजवळ युनानी रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली. तिथे आणि जुन्या शहरातल्या खासगी दवाखान्यांत हिजामाची परंपरा आजही चालू आहे.

आयुर्वेदाने या दुखण्याला ‘वातकंटक’ म्हटले. सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये त्याचे वर्णन येते. पाऊल वेडेवाकडे पडल्याने वात कुपित होऊन घोट्या-टाचेच्या जागी ठाण मांडतो, असे कारण तिथे दिले आहे. पुढच्या ग्रंथांनी अतिश्रमाचीही भर घातली. वाताचा सिद्धांत बाजूला ठेवला तरी पाऊल कसे पडते आणि पायावर भार किती येतो, हे निरीक्षण आजच्या समजुतीच्या बरेच जवळ जाते. उपचारांत रक्तमोक्षण, एरंडेल तेल पोटात देणे आणि तापलेल्या सुईने किंवा शलाकेने डाग देणे म्हणजे अग्निकर्म सांगितले आहे. घरगुती उपाय मात्र शेकाचाच होता. वीट तापवायची, तिच्यावर रुईची पाने ठेवायची आणि टाच टेकवायची, ही रीत मराठी घरांत आजही परिचित आहे. शेकाने स्नायू सैल पडतात आणि वेदना काही काळ दबते.

आधुनिक वैद्यकाचे शिक्षण हैदराबादेत १८४६ मध्ये सुरू झाले. ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन विल्यम कॅम्पबेल मॅक्लीन यांच्या देखरेखीखाली निघालेल्या वैद्यकीय शाळेत सुरुवातीला उर्दूतून शिकवत. शहरातील अफझलगंजचे रुग्णालय १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात उद्ध्वस्त झाले आणि त्यानंतर व्हिन्सेंट एश यांनी आराखडा केलेले उस्मानिया रुग्णालय १९२५ मध्ये पूर्ण झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. मनमाडहून नांदेडमार्गे येणारी रेल्वेही १९०० च्या सुमारास सुरू झालेली होती. त्यामुळे मोठ्या उपचारांसाठी राजधानी गाठणे मराठवाड्यातील रुग्णांना शक्य होते.

याच काळात जगभर टाचदुखीचे कारण हाडात शोधले जाऊ लागले. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यानंतर पाचच वर्षांत, १९०० मध्ये, जर्मन वैद्यकीय लिखाणात टाचेच्या हाडाला फुटलेल्या काट्याचे वर्णन आले. चित्रात काटा दिसतो, म्हणजे तोच टोचत असणार, हा तर्क रुग्णाला पटण्याजोगा होता. ‘टाचेचे हाड वाढले’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. काटा काढण्याच्या शस्त्रक्रियाही झाल्या. पुढे लक्षात आले, की टाच अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही असा काटा असतो, आणि काटा जागेवर असूनही दुखणे थांबते.

मग दोष सुजेवर गेला. सांध्यात हायड्रोकॉर्टिझोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत १९५१ पासून रूढ झाली आणि लवकरच टाचेतही ते दिले जाऊ लागले. याच काळात हैदराबादेत पंजागुट्ट्याला निजामाच्या धर्मादाय ट्रस्टच्या मदतीने अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. त्याचेच पुढे निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस झाले. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. पण ते वारंवार घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते आणि फॅशिया फाटण्याचाही धोका असतो.

टाचदुखीवरचा एक टिकाऊ उपाय कुष्ठरोगाच्या उपचारांतून आला. हैदराबाद परिसरातही कुष्ठरुग्णांसाठी सोय होती: निजामाबादजवळ डिचपल्ली येथे मिशनरी डॉक्टर इसाबेल केर यांचे कुष्ठरुग्णालय १९१५ मध्ये सुरू झाले आणि हैदराबादला कुकटपल्लीत राणी कुमुदिनी देवी यांनी १९५८ मध्ये शिवानंद पुनर्वसन गृह स्थापन केले. कुष्ठरोगात तळपायाची संवेदना जाते, रुग्णाला जखम कळत नाही आणि व्रण चिघळत जातो. म्हणून तमिळनाडूतील वेल्लोर आणि करीगिरी येथील डॉक्टरांनी मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराचा (एमसीआर), तळ असलेल्या चपलांचा प्रसार केला. दाब एका जागी न येता सगळ्या तळपायावर विभागला जातो, हा त्यांचा गुण. ज्यांना पाय दुखल्याचे कळत नव्हते त्यांच्यासाठीची ही चप्पल पुढे मधुमेही आणि टाचदुखीच्या रुग्णांनाही दिली जाऊ लागली. ‘एमसीआर चप्पल’ हे नाव आज हैदराबादेतल्या पादत्राणांच्या दुकानांत सर्रास ऐकू येते.

पुढे सुजेचे कारणही डळमळले. २००३ मध्ये टाचदुखीच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या फॅशियाच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सुजेच्या पेशींपेक्षा तंतूंची झीज ठळक दिसली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने जोखमीचे घटक दाखवले: घोटा वर वळण्यातला ताठरपणा, लठ्ठपणा आणि दिवसभर उभे राहून करायचे काम. कठीण जमिनीवर अनवाणी वावरण्यानेही टाचेवर ताण येतो. गुलबर्ग्याकडील शहाबादी फरशी निजामाच्या मुलखात घरोघरी पसरली होती आणि घरात पादत्राणे घालण्याची रीत नव्हती, हे इथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आजचा उपचारक्रम यातूनच ठरला आहे. आधी पोटरीला आणि तळपायाला ताण देणारे व्यायाम, मऊ तळाची चप्पल घरातही वापरणे, वजन कमी करणे आणि काही काळ सतत उभे राहणे टाळणे. यानेच बहुतेक रुग्ण वर्षभरात बरे होतात. फरक न पडल्यास शॉकवेव्ह उपचार किंवा जपून दिलेले इंजेक्शन, आणि फार थोड्यांना शस्त्रक्रिया. दोन्ही टाचा दुखत असून सकाळी कंबरही आखडत असेल तर संधिवाताची तपासणी लागते. वाढत्या वयाच्या मुलांत टाचेच्या हाडाच्या वाढीच्या जागी दुखते. टाच बधिर होत असेल तर नस दबलेली असू शकते. मधुमेह असलेल्यांनी शेक, डाग किंवा तुंबड्यांचा प्रयोग करण्याआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे, कारण संवेदना कमी झालेल्या पायावर भाजल्याची किंवा कापल्याची जखम उशिरा कळते आणि उशिरा भरते.