बेवारस अस्थी आणि ‘बहुधा’ हा शब्द

जुन्या गोव्याच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या मठाचे अवशेष आहेत. सुमारे ४६ मीटर उंचीचा, अर्धा कोसळलेला जांभ्या दगडाचा मनोरा तेवढा दुरून दिसतो. येणारे बहुतेक प्रवासी त्याचे छायाचित्र काढून परततात. त्या मनोऱ्यामागच्या ढिगाऱ्यात एक हाड सापडले, आणि ते कोणाचे या प्रश्नाने तीन देशांचा इतिहास पुन्हा चाळायला लावला. आज ज्याला न्यायवैद्यक डीएनए तपासणी म्हणतात, तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी या एका हाडाच्या कथेत जेवढ्या स्पष्ट दिसतात, तेवढ्या एखाद्या गाजलेल्या खून-खटल्यातही क्वचितच दिसत असतील.

कथा सुरू होते ती कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी. काखेती हे पूर्व जॉर्जियातील छोटे राज्य इराणचे सफवी आणि तुर्कस्तानचे उस्मानी या दोन सत्तांच्या कात्रीत सापडले होते. तेथील राणी केतेवान ही विधवा, आणि राजा तैमुराझ याची आई. १६१४ च्या सुमारास शाह अब्बासाचा राग शमवावा म्हणून तैमुराझने तिला इराणी दरबारात पाठवले. गेली ती वाटाघाटींसाठी. राहिली मात्र ओलीस म्हणून. सुमारे दहा वर्षे ती शिराझमध्ये कैदेत होती. धर्मांतर करण्याचा हुकूम तिने नाकारला, तेव्हा १६२४ च्या सप्टेंबरात तापलेल्या सांडशींनी तिचे हाल करून तिला ठार मारण्यात आले. जॉर्जियन चर्च तिला संत मानते.

शिराझमध्ये त्या वेळी पोर्तुगीज ऑगस्टीनियन पाद्री होते. त्यांनी या मृत्यूची हकीकत लिहून ठेवली आणि राणीच्या अस्थी गुप्तपणे मिळवल्या. त्यांपैकी काही १६२८ मध्ये तिच्या मुलाकडे जॉर्जियात पोहोचल्या. काही त्याआधीच, १६२७ मध्ये, समुद्रमार्गे गोव्यात आल्या होत्या. पुढच्या साऱ्या शोधाचा आधार ठरली ती पोर्तुगीज कागदपत्रांतील एक रुक्ष नोंद: अस्थी मठाच्या सभागृहाला जोडलेल्या प्रार्थनामंदिरात, वेदीच्या उजव्या हाताच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत ठेवल्या आहेत.

नोंद टिकली, पण खिडकी टिकली नाही. पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघांवर बंदी घातल्यानंतर १८३५ मध्ये मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा खाली आला. दगड, माती, रानटी झुडपे आणि शेकडो पावसाळे यांच्याखाली ते प्रार्थनामंदिर नेमके कोठे होते, हेच कोणाला सांगता येईना. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जॉर्जियातील अभ्यासकांची पथके गोव्यात येऊ लागली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने त्यांच्या साथीने उत्खनन केले. अखेर २००४ मध्ये जुन्या नोंदीशी जुळणारी खिडकी, दगडी पेटीचे झाकण आणि ढिगाऱ्यात हाताचे एक हाड मिळाले.

पण ढिगाऱ्यातले हाड हे कोणाचेही असू शकते. मठात पिढ्यान्‌पिढ्या पाद्री पुरले गेले होते. तेव्हा हाड हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेत गेले. उष्ण, दमट हवेत डीएनए झपाट्याने विघटित होतो. पेशीच्या केंद्रकात त्याच्या दोनच प्रती असतात. तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकाँड्रियात, मात्र त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात. म्हणून जुन्या हाडातून मिळण्याची शक्यता अधिक ती या दुसऱ्या डीएनएची. तो केवळ आईकडून अपत्याकडे जातो. हैदराबादच्या संशोधकांना त्यात ‘यू१बी’ नावाचा मातृवंशगट आढळला. भारतीय उपखंडातील २२ हजारांहून अधिक व्यक्तींच्या नमुन्यांत तो नव्हता. जॉर्जिया आणि आसपासच्या प्रदेशात तो आहे. हाड स्त्रीचे होते.

२०१४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांनी ‘राणीच्या अस्थींची ओळख पटली’ असे मथळे दिले. निबंधाच्या शीर्षकात मात्र ‘बहुधा’ या अर्थाचा शब्द होता. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक शब्द तोच.

कारण डीएनए स्वतः कोणाचेही नाव सांगत नाही. तो फक्त तुलना करू देतो, आणि तुलनेला दुसरी बाजू लागते. रशियाच्या झारच्या कुटुंबाची हाडे १९९१ मध्ये येकातेरिनबुर्गजवळून काढली, तेव्हा झारीना अलेक्झांड्राच्या बहिणीचा नातू, म्हणजेच ब्रिटनचे प्रिन्स फिलिप, हयात होते. त्यांनी रक्त दिले आणि ते जुळले. केतेवानच्या बाबतीत मातृवंशातील असे कोणी पुढे उभे करता आले नाही. त्यामुळे डीएनएने सांगितले ते एवढेच: हे हाड एका स्त्रीचे आहे, आणि तिच्या आईचा वंश येथला नसून बहुधा कॉकेशसकडचा आहे. तिला केतेवान हे नाव दिले ते पाद्र्याच्या ‘दुसरी खिडकी’ या दोन शब्दांनी. गोव्याच्या त्या मठात जॉर्जियन स्त्रीचे हाड असण्याचे दुसरे कारण इतिहासाला ठाऊक नाही, म्हणून तर्क पक्का होतो. प्रयोगशाळेने दप्तराला दुजोरा दिला. दप्तराची जागा घेतली नाही.

राजकारणाला आणि श्रद्धेला ‘बहुधा’ हा शब्द परवडत नाही. १० जुलै २०२१ रोजी भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी या अवशेषाचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. त्या सोहळ्यात शंकेला जागा नव्हती, आणि ते मला गैर वाटत नाही. मात्र इतिहास लिहिणाऱ्याने तो शब्द गाळू नये.

आपल्याकडे पोलिसांच्या नोंदीत ओळख न पटलेल्या मृतदेहाला ‘बेवारस’ म्हणतात. शब्द किती नेमका आहे, हे या कथेनंतर कळते. बेवारस म्हणजे नाव नसलेला नव्हे, वारस नसलेला. नाव प्रत्येकालाच असते. ते विचारत येणारा कोणी नसतो. हाडातून डीएनए काढणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. तो ज्याच्याशी ताडून पाहायचा, तो माणूस मिळणे अवघड आहे. केतेवानला वंशज मिळाले नाहीत, तरी वारस म्हणून एक अख्खे राष्ट्र चारशे वर्षांनी दाराशी आले. त्याच ढिगाऱ्यातल्या इतर हाडांसाठी कोणीही आले नाही. त्यांच्याही पेशींत त्यांच्या आयांचा वंश तितक्याच निष्ठेने लिहिलेला आहे. तो वाचायला लावणारे मात्र कोणी नाही.