विल, कॅन, मस्टसोबत क्रियाविशेषण कुठे ठेवायचं?

बालाघाट : घरात मराठी, शाळेत हिंदी. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, म्हणून इंग्रजीत विल, कॅन, मस्ट, शुड आले की क्रियाविशेषणाच्या जागेचा गोंधळ होतो.

साधा नियम असा : ऑल्वेज, नेव्हर, प्रॉबेबली हे शब्द सहसा सहायक आणि मुख्य क्रियापदाच्या मधे बसतात. ‘आय विल प्रॉबेबली गो टू गोंदिया.’ नकार असेल तर प्रॉबेबली आधी येतं : ‘आय प्रॉबेबली वोन्ट गो.’

जागा बदलली की अर्थही बदलतो. ‘आय रिअली कान्ट से’ म्हणजे मला खरंच सांगता येणार नाही. ‘आय कान्ट रिअली से’ म्हणजे तसं नक्की सांगता येत नाही. मुलाखतीत पहिलं वाक्य ठाम नकार वाटतं, दुसरं नरम. तेव्हा बोलण्याआधी जागा बघा.