६१.८ टक्क्यांची रेघ आली कुठून?



निवृत्तीनंतर फंडाचे पैसे हातात आले की शेअर बाजाराचे चार्ट दाखवणारे बरेच भेटतात. पडलेला बाजार त्या घसरणीच्या ३८.२, ५० किंवा ६१.८ टक्के परत चढला की तिथे अडतो, असं ते सांगतात. या रेघांना फिबोनाची लेव्हल म्हणतात. त्यांच्यावर किती भरवसा टाकायचा, हे त्यांच्या इतिहासातून कळतं.

सुरुवात आपल्या छंदशास्त्रात आहे. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ पाच प्रकारे बसते, पाच मात्रांची आठ, सहाची तेरा. प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज. हा नियम विरहांकाने सांगितला आणि गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी ११५० च्या सुमारास मांडला. पिसाच्या लिओनार्दोचं, म्हणजे फिबोनाचीचं, सशांच्या जोड्यांचं गणित १२०२ मधलं. या मालिकेतला मोठा आकडा पुढच्याने भागला की ०.६१८ च्या जवळ उत्तर येतं. एक सोडून पुढच्याने भागला तर ०.३८२.

आमच्या चंदीगडात हेच प्रमाण काँक्रीटमध्ये उभं आहे. ल कॉर्बुझिए यांनी इथल्या इमारतींसाठी 'मोड्युलर' ही आपली मोजपट्टी वापरली. तिच्यात ४३ आणि ७० मिळून ११३, ७० आणि ११३ मिळून १८३ सेंटिमीटर. पण इथे माप वास्तुकाराने ठरवलं, म्हणून ते भिंतीत आलं. बाजारात असं ठरवणारा कोणी नसतो.

मग ते चार्टवर कसं आलं? चार्ल्स डाऊच्या परंपरेतल्या अभ्यासकांनी आधीच पाहिलं होतं, की मोठ्या चालीनंतर बाजार साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश मागे येतो. १९३० च्या दशकात राल्फ नेल्सन एलियट यांनी लाटांचा सिद्धांत मांडला आणि नंतर त्याला फिबोनाचीची मालिका जोडली. म्हणजे ढोबळ निरीक्षण आधीचं, दशांशातला नेमकेपणा नंतरचा. ५० टक्क्यांची रेघ तर त्या जुन्या निरीक्षणातलीच.

आता दलाल स्ट्रीटवर या. १० जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१,२०६ वर होता, २७ ऑक्टोबरला ७,६९७ वर. यावरून ३८.२ टक्क्यांची रेघ येते १२,८५७ वर. लोकसभेचे निकाल लागल्यावर १८ मे २००९ ला बाजार उघडताच अप्पर सर्किट लागलं. शुक्रवारी १२,१७३ वर असलेला सेन्सेक्स सोमवारी १४,२८४ वर बंद झाला. रेघेच्या भरवशावर मंदीचा सौदा धरणाऱ्याला तिथे बाहेर पडायलाही सवड मिळाली नाही.

उलट २०२० मध्ये निफ्टी १२,४३० वरून ७,५११ पर्यंत पडला. त्याची निम्मी वाट ९,९७१. एप्रिलअखेर तो ९,८८९ पर्यंत चढला आणि मे महिन्यात पुन्हा खाली आला. अनेकजण एकाच रेघेकडे पाहत असले, की तिथे विक्री होऊही शकते. पण हमी नाही.

सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. चार्ट त्यांच्याकडेही होते.

फौजेत नकाशावरची रेघ चढ कुठे आहे ते सांगते. वर कोण बसलंय ते नाही. म्हणून रेघ जरूर आखा, पण ती मोडली तर किती तोट्यावर निघायचं हे सौद्याआधी कागदावर लिहा. घरखर्चाचे आणि औषधपाण्याचे पैसे मात्र त्या सौद्यात घालू नका.

जय हिंद.